मोटारीचा सौदा

पूर्णेच्या भाजीबाजारांत कोथिंबिरीच्या जुडीवरून पांच मिनिटें घासाघीस करणारे एक सद्गृहस्थ माझ्या चांगल्या परिचयाचे आहेत. भाजीवाली दहा म्हणाली कीं ते सात म्हणतात, आठांवर सौदा पटला कीं वर दोन मिरच्या मागतात आणि विजयी मुद्रेनें घरीं येतात. हेच गृहस्थ २०११ सालीं शेजारच्या एका शहरांतील मोटारविक्रेत्याच्या कांचेच्या दालनांत गेले, थंड हवेंत मऊ खुर्चीवर बसले, कागदी पेल्यांतून कॉफी प्याले, आणि समोरच्या कागदांवर जेथें जेथें बोट ठेवलें गेलें तेथें तेथें मुकाट्यानें सही करून बाहेर पडले. त्या दिवशीं त्यांना किती रुपयांचा भुर्दंड बसला याचा हिशेब त्यांनीं पुढें सावकाश केला. तो मी आपणांस सांगणारच आहें, कारण ते गृहस्थ म्हणजे मीच.

एकाच माणसानें दोन ठिकाणीं इतकें निराळें कां वागावें? मला वाटतें, प्रतिष्ठेविषयींची आपली चमत्कारिक कल्पना हें त्याचें पहिलें कारण आहे. भाजीवालीशीं घासाघीस करतांना आपली प्रतिष्ठा आड येत नाहीं, कारण ती बिचारी आपल्याहून दुबळी असते. टाय बांधलेल्या, अदबीनें 'सर' म्हणणाऱ्या तरुणापुढें मात्र 'कमी करा' हे दोन शब्द जिभेवर येत नाहींत. आपण गांवंढळ दिसूं अशी धास्ती वाटते. म्हणजे जेथें तीन रुपयांचा प्रश्न तेथें आपण शूर, आणि जेथें तीस हजारांचा प्रश्न तेथें आपण खानदानी!

दुसरें कारण थोडें जुनें आहे. आपल्या देशांत मोटार ही फार काळ विकत घेण्याची वस्तु नव्हती. ती नशिबानें मिळण्याची वस्तु होती. बंगालमध्यें उत्तरपाड्याला अँबॅसडर बने, मुंबईस कुर्ल्याला फियाट. पुढें तिलाच प्रीमियर पद्मिनी म्हणूं लागले. दोहोंसाठीं पैसे भरून नांव नोंदवावें लागे आणि मग वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. स्कूटरची गत याहून वेगळी नव्हती. अशा काळांत विक्रेत्याशीं घासाघीस कोण करणार? गिऱ्हाईक हात जोडून उभें असे. १४ डिसेंबर १९८३ रोजीं मारुति ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हातीं पडली, १९९३ सालीं मोटारी बनविण्यावरील परवान्याचें बंधन उठलें, एकामागून एक परदेशी कारखानदार येथें आले. आणि आज विक्रेत्याच्या आवारांत गाड्या उन्हांत उभ्या आहेत, त्यांत अडकलेल्या पैशावर त्याला रोज व्याज चढत आहे, आणि महिनाअखेर ठरलेला आंकडा गांठण्याची त्याला चिंता आहे. गरजवंत तो झाला आहे. आपली मान मात्र अजून खालींच आहे.

आतां माझा हिशेब. दालनांत गेल्यावर मला पहिला प्रश्न विचारण्यांत आला तो असा: "सर, महिना किती हप्ता झेपेल?" गाडी कोणती हवी, किती माणसांसाठीं हवी, हें मागाहून. मीं भाबडेपणानें 'सहा-सात हजार' म्हणून टाकलें, आणि तेथेंच सौदा संपला. पुढचें सर्व गणित हप्ता त्या आंकड्यांत बसेल अशा बेतानें मांडलें गेलें. तीन लाखांचें कर्ज, पांच वर्षांची मुदत, आणि व्याज 'फक्त सात टक्के'. माझ्या बँकेनें ११ टक्के सांगितले होते. मी मनांतल्या मनांत बँकेला हंसलों.

सात टक्के म्हणजे तीन लाखांवर वर्षाला २१,०००, पांच वर्षांचे १,०५,०००. एकूण ४,०५,००० भागिले ६०, हप्ता ६,७५०. सारें बरोबर दिसतें. चूक इतकीच कीं मुद्दल दर महिन्यास फिटत होतें, आणि व्याज मात्र अखेरच्या हप्त्यापर्यंत पुऱ्या तीन लाखांवर आकारलें होतें. उतरत्या शिलकेवर मांडून पाहिलें तर हा सात टक्क्यांचा दर साडेबारा टक्क्यांच्या घरांत जातो. बँकेच्या ११ टक्क्यांनीं हप्ता ६,५२३ बसला असता. महिन्याला २२७ रुपयांचा फरक, साठ महिन्यांचे १३,६२०. त्यांत 'हाताळणी खर्च' म्हणून ४,५००, आणि मीं न मागितलेल्या सजावटीच्या सामानाचे ११,००० मिळवा. एकूण २९,१२०. आणि हें सांगतांना मला अजून संकोच वाटतो कीं मी त्या वेळीं शाळेंत गणित शिकवीत होतों, व्याजाच्या धड्यासह.

या प्रकारानंतर मला वारंवार आठवण होई ती माझ्या मामांची. मामा पूर्णेजवळच्या खेड्यांतले शेतकरी. मी बारा वर्षांचा असतांना, म्हणजे १९७८ च्या सुमारास, ते मला माळेगांवच्या यात्रेला घेऊन गेले होते. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील या गांवीं मार्गशीर्षांत खंडोबाची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर जनावरांचा मोठा बाजार भरतो. घोडे, उंट, गाढवें, आणि आमच्या भागाचें भूषण म्हणजे लाल कंधारी बैल. मामांना एक बैल घ्यावयाचा होता.

आदल्या रात्रीं मामा आणि मामी कंदिलाच्या उजेडांत बसून कांहीं आंकडे बोलत होते. पेरणीला किती राहिले पाहिजेत, घरांत किती, आणि उरले किती. उरले तेवढेच पैसे मामांनीं कमरेच्या कशांत बांधले. एक नोट जास्त घेतली नाहीं. बाजारांत त्यांनीं प्रथम तीन असे बैल पाहिले, जे त्यांना घ्यावयाचेच नव्हते. भाव काय चालला आहे तें कळावें म्हणून. मग जो खरोखर मनांत भरला होता त्याच्यासमोर ते अगदीं कंटाळल्यासारखे उभे राहिले. दांत पाहिले, खूर उचलून पाहिले, चालवून पाहिलें. विकणारा बैलाची स्तुति करीत होता. मामा हूं कीं चूं करीत नव्हते. मी मात्र न राहवून म्हणालों, "मामा, हाच घ्या ना, किती छान आहे!" त्यांनीं माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें ती मी जन्मांत विसरणार नाहीं. मग मला लांब नेऊन ते म्हणाले, "बैल आवडला हें त्याला कळलं, कीं मग बैलाचा भाव नाही लागत रे, आपल्या हौसेचा लागतो."

पुढें दलाल आला. ज्यांनीं हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. दलाल आणि गिऱ्हाईक हातांत हात घेतात, वरून उपरणें टाकतात, आणि बोटें दाबून आंकडा सांगतात. तोंडानें कोणी कांहीं बोलत नाहीं. भोंवतालच्या माणसांस भाव कळत नाहीं हा एक फायदा. पण मला आतां असें वाटतें कीं खरा फायदा दुसराच आहे. उपरण्याखालीं 'नाहीं' म्हणतांना कोणाचीच लाज जात नाहीं. मामांनीं तीनदां हात काढून घेतला आणि तीनदां ते चालूं लागले. तें नाटक नव्हतें. कशांतले पैसे तेवढेच होते, आणि त्या बाजारांत दुसरे बैल होते. चौथ्यांदां हांक आली. मामांनीं तेव्हां विसार दिला, त्यापूर्वीं एक पैसाहि नाहीं.

२०२४ सालीं मी निवृत्त झालों. पत्नीचे गुडघे दुखूं लागल्यामुळें स्थानकावरील पुलाच्या पायऱ्या तिला चढवेनात, आणि नांदेडच्या डॉक्टरांकडे खेपा तर वाढलेल्या. गाडी घेणें भाग होतें. या वेळीं पैसा निवृत्तीचा होता. तो दुसऱ्यांदां मिळणारा नव्हता. मामा आतां ऐंशीच्या घरांत आहेत. मीं त्यांना म्हटलें, "मामा, तुम्ही बरोबर चला." ते म्हणाले, "मला मोटारीतलं काय कळतं?" मीं म्हटलें, "मोटारीचें मी पाहतों. तुम्ही माझ्याकडे पाहा."

निघण्यापूर्वीं आम्हीं, म्हणजे मी, पत्नी आणि मुलगी, रात्रीं बसून आंकडा ठरविला: गाडी, कर, विमा सर्व धरून अमुक, त्याच्या वर नाहीं. कर्जापुरती चौकशी आधींच बँकेंत करून ठेवली. चार लाखांस ९ टक्के, उतरत्या शिलकेवर. पांच वर्षांस हप्ता ८,३०३. मग मीं दुसरें एक काम केलें, जें पूर्णेकरास फार सोपें आहे. आपलें गांव जंक्शन आहे. एका अंगास परभणी, दुसऱ्या अंगास नांदेड, दोन्ही आगगाडीनें तासाच्या आंत. म्हणजे आपल्याला दोन बाजार आहेत. एकाच मोटारीच्या, एकाच प्रकारच्या, दोन शहरांतील दोन विक्रेत्यांकडे मीं लेखी विचारणा केली कीं, प्रत्येक रक्कम वेगळी दाखवून संपूर्ण दरपत्रक पाठवावें. समोरासमोर ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाहीं त्यानें लिहावें. फोनवरील लेखी निरोप हें आमच्यासारख्या संकोची माणसांचें उपरणें आहे.

दरपत्रक हातीं आलें म्हणजे त्यांतील कोणती ओळ दगडाची आणि कोणती मातीची हें ओळखावें लागतें, नाहीं तर माणूस नको तेथें भांडतो. वस्तु व सेवाकर सरकारचा. तो शोरूमच्या किंमतींतच आलेला असतो. आमच्या खरेदीनंतर, २२ सप्टेंबर २०२५ पासून, चार मीटरपर्यंत लांबीच्या व १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवर तो १८ टक्के झाला. पूर्वीं २८ टक्के व वर उपकर होता. रस्ताकर राज्याचा, आमची गाडी आठ लाखांची, पेट्रोलवरची, म्हणून ११ टक्क्यांप्रमाणें ८८,०००. यांत विक्रेता एक रुपया सोडूं शकत नाहीं. विम्याची मात्र गंमत आहे. त्याचे दोन भाग असतात. आपल्या गाडीनें दुसऱ्याचें नुकसान केलें तर त्यासाठींचा विमा नव्या मोटारीस एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. १००० ते १५०० सीसीच्या गाडीस त्याचा हप्ता २०२२ च्या अधिसूचनेनें १०,६४० ठरविण्यांत आला, आणि वर कर. तो सर्वत्र सारखा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो दुसरा भाग, तेथें मात्र विमा कंपनीगणिक भाव बदलतो, आणि विक्रेत्याची दलाली बहुधा तेथेंच दडलेली असते. आमच्या दरपत्रकांत विमा ४३,०००. तितक्याच किंमतीच्या गाडीचा, त्याच अटींचा विमा मला बाहेर ३३,५०० ला मिळत होता. 'हाताळणी' ६,५००. सजावट २४,०००. वाढीव हमी १४,०००.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत आम्ही दालनांत गेलों. तरुण हंसतमुख होता. त्याचा पहिला प्रश्न तोच! "काका, महिना किती हप्ता झेपेल?" मला हंसूं आलें. मीं म्हटलें, "हप्त्याचें मी बँकेशीं बोललों आहें. आपण गाडीच्या किंमतीचें बोलूं." तरी त्यानें सात वर्षांची मुदत पुढें केलीच. हप्ता ८,३०३ वरून ६,४३६ वर येतो, हें खरें. पण व्याज ९८,२०० वरून १,४०,६०० वर जातें, हें त्याच्या कागदावर नव्हतें. माझ्या कागदावर होतें.

मग मीं दुसऱ्या शहरांतील दरपत्रक टेबलावर ठेवलें आणि विचारलें कीं हाताळणी म्हणजे आपण नक्की काय हाताळतां? तो म्हणाला, "सगळेच घेतात, काका." मीं म्हटलें, "हा कर असेल तर कोणत्या नियमाखालीं तें लिहून द्या." त्यानें ओळ खोडली. विम्याविषयीं तो म्हणाला कीं सूट हवी असेल तर विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल. येथें एक गोष्ट सांगून ठेवतों. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. एक वस्तु घेण्यासाठीं दुसरी वस्तु अगर सेवा घेतलीच पाहिजे अशी सक्ति करणें यास तो निर्बंधक व्यापारप्रथा म्हणतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मला त्याचा उच्चार करावा लागला नाहीं. बाहेरच्या विम्याचें पत्रक दाखविल्यावर तो स्वतःच ३४,००० वर आला, आणि मीं मान्य केलें. पांचशे रुपयांसाठीं पुढें दाव्याच्या वेळीं दोन शहरांत हेलपाटे घालण्याची माझी तयारी नव्हती. सौदा म्हणजे शेवटचा पैसा काढणें असें मी मानीत नाहीं.

आतां मुख्य किंमत. त्यानें १५,००० ची सूट सांगितली आणि 'साहेबांना विचारून येतों' म्हणून कांचेच्या खोलींत गेला. मामा माझ्या कानाशीं लागले: "दलालाचा दलाल आत बसलाय." तरुण तीनदां आंत गेला आणि प्रत्येक वेळीं कपाळावर चिंता घेऊन बाहेर आला. त्या अवधींत मीं गाडीच्या चॅसीवर कोरलेला क्रमांक पाहून घेतला. त्यांतील अक्षरांवरून निर्मितीचें वर्ष आणि बहुधा महिनाहि कळतो. बैलाचे दांत ते हेच! गाडी एप्रिलमध्यें बनलेली होती. चार दिवसांनीं जानेवारी उजाडला कीं ती 'मागल्या सालची' होणार, आणि हें विक्रेत्यास माझ्याहून अधिक ठाऊक होतें. मीं म्हटलें, एप्रिलची गाडी मला चालेल, पण तिची किंमत एप्रिलच्या गाडीची हवी. २५,००० वर तो अडला.

तेव्हां मी उठलों. खरें सांगतों, उठतांना माझे पाय कांपत होते. दारांत पत्नीनें माझ्याकडे पाहिलें. तिला ती गाडी पसंत होती, विशेषतः आंत चढतांना गुडघा फार वाकवावा लागत नाहीं म्हणून. पण आमच्या खिशांत परतीचीं तिकिटें होतीं आणि दुसरें दरपत्रक होतें. बाहेर चहाच्या टपरीवर मीं मामांना म्हटलें, "त्यानें बोलावलें नाहीं तर?" मामा म्हणाले, "नाही तर नाही. घाई कशाला करायलास? उद्या तिकडच्या गावाला जाऊ." चहा संपण्यापूर्वीं फोन आला. सूट ३८,०००, सजावटींतलें पायपुसण्याखेरीज सर्व रद्द, वाढीव हमी आमच्या इच्छेवर. हमी मात्र आम्हीं घेतली.

हें सर्व ऐकून कोणी समजेल कीं नेहमीं असेंच घडतें, तर तसें नाहीं. जी गाडी नुकतीच बाजारांत आली आहे आणि जिच्यासाठीं लोक रांगेंत आहेत तिच्यावर कोणी सूट देत नाहीं. तेथें फुकट घासाघीस करण्यापेक्षां थांबावें किंवा दुसरी गाडी पाहावी. शिवाय दहा लाखांवरील मोटारीस विक्रेता एक टक्का प्राप्तिकर वसूल करतो तो अन्याय समजून वाद घालूं नये. विवरणपत्रांत तो आपल्या खात्यावर जमा धरला जातो.

आणखी एक. परत आंत गेल्यावर मामांनीं त्या तरुणाला शेजारीं बसविलें आणि त्याचें गांव विचारलें. तो वसमतकडचा निघाला. वडिलांची तीन एकर कोरडवाहू, यंदा सोयाबीनला भाव नाहीं. महिन्याला ठराविक गाड्या विकल्या तरच त्याचा पगार पुरा होत असे, आणि आमची गाडी त्या महिन्यांतली शेवटची लागणारी होती. बराच वेळ ते दोघे सोयाबीनविषयीं बोलत बसले. मला त्या खोडलेल्या ओळीबद्दल थोडें वाईट वाटलें तें तेव्हां. पण हाताळणीचा पैसा त्या पोराच्या पदरांत पडत नाहीं, हें त्यानेंच मामांना सांगितलें.

कागदपत्रें पुरीं झाल्यावर मीं विसार भरला, पावती घेतली, आणि ठरलेली प्रत्येक गोष्ट तीवर लिहवून घेतली. चार दिवसांनीं गाडी ताब्यांत घेतांना तेथल्या प्रथेप्रमाणें पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली आमच्या हातीं देऊन छायाचित्र काढावयाचें होतें. मामा चष्मा लावून चॅसीचा क्रमांक कागदावरील क्रमांकाशीं एक एक अक्षर ताडून पाहत होते. तें संपेपर्यंत त्यांनीं कोणालाहि किल्लीला हात लावूं दिला नाहीं. छायाचित्र नंतर निघालें. त्यांत सगळे हंसत आहेत, आणि मामांचे डोळे मिटलेले आहेत.